खडपावरचे दिवस कोणाचे

तू हे वाचणार नाहीस, म्हणून आज मोकळेपणी भांडून घेते. समोर असतीस तर चष्मा कपाळावर चढवला असतास, "झालं का वं तुहं?" म्हणाली असतीस आणि माझं अर्धं भांडण तिथंच विरलं असतं. तुझा चाळिसावा झाला. अकोटला तुझ्या दारात जेवणाच्या मोठाल्या देगा उतरल्या, माणसं जेवली, सगळ्यांनी तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं. कोणी म्हणालं, मॅडम फार शांत होत्या. कोणी म्हणालं, आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. मी तेव्हा पाणी पीत होते. मला असा ठसका लागला की तुझ्या जावेनं पाठ चोळली.

खोटं बोलण्यात तुझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे त्या मांडवात दोघींनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरी तुझी लेक सना. आणि आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. तेही तुझ्यामुळंच.

आपण दोघी एकाच एस.टी.तून त्या गावात उतरलो होतो, आठवतं? रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, हातात नेमणुकीचा कागद. तू तिथल्या उर्दू शाळेत, मी मराठी शाळेत. मी ट्रंकेवर बसून घाम पुसत होते आणि मागून आवाज आला, "आता कुठी जा लागते बाप्पा?" मला रडूच कोसळलं. अख्ख्या कोकणात पहिल्यांदा कोणीतरी माणसासारखं बोललं होतं. तू घाबरून जवळ आलीस, "काहून रडून राहिली वं?" म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी आपण गावातल्या एका काकींची मागची खोली भाड्यानं घेतली. तू तीन वर्षांच्या सनाला आईपाशी अकोटला ठेवून आली होतीस. मी माझ्या मुलाला सासूबाईंकडं अमरावतीला. दोघींचे नवरे तिकडंच नोकरीला. बदली होईपर्यंत काढू कसेबसे दिवस, असं ठरलं. बदली व्हायला मुलं मोठी व्हावी लागली.

समुद्र पाहायला मी पहिले कितीतरी दिवस गेलेच नाही. माझं माहेर दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुणा आला की चहापुरतं पाणी दुसरीकडून आणावं लागायचं. काकी म्हणाल्या, समुद्र तरी बघून या. मी म्हटलं, खारं पाणी मी जन्मभर पाहिलंय. तू मात्र पहिल्याच रविवारी पदर खोचून निघालीस. तुझे अब्बा तुला लहानपणी नदीवर मासोळ्या धरायला न्यायचे, तो किडा तुझ्या अंगात होताच.

बाजारातल्या दुकानात जाऊन तू विचारलंस, "गय हाय का, गय?"

आपल्याकडं ळ काही जिभेवर टिकत नाही. डोळे ते डोये, काळा तो काया, आणि मासे धरायचा गळ तो गय. दुकानदाराला काय कळणार? तो म्हणाला, "गाय? गाय इथं कुठची ओ बाई? पलीकडं गोठ्यात विचारा." तू बोटाचा आकडा केलास, तोंडात घातलास आणि गाल ओढून दाखवलास. दुकानदार पोट धरून हसला. "गरी! गरी पायजे तुम्हाला!" तिथं गळाला गरी म्हणतात आणि त्यानं मासे धरायला गरवणं म्हणतात, हे आपलं कोकणातलं पहिलं शिक्षण. पुढं गावानं तुझं नाव गायवाल्या मॅडम ठेवलं आणि तू वर्गात पोरांना स्वतःच ती गोष्ट सांगायचीस.

मग मीही यायला लागले. एकट्या बाईला खडपावर, त्या समुद्रकाठच्या खडकांवर, कसं सोडायचं, असं मी म्हणायचे. खरं तर रविवारी खोलीत एकटं बसवत नव्हतं. पावसाळ्यात खडपाकडं फिरकायचं नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघतात, पण खडकावरचं शेवाळ सुकून पाय ठरायला आणि पाणी निवळायला दिवाळी उजाडावी लागते. मग आपली बांबूची काठी, तिला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधलेला, खाली शिशाचा तुकडा आणि गरीला सोललेली कोळंबी. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं की मासोळ्या खडकापाशी चरायला येतात. तेवढा वेळ धरायचा. तू तासन् तास गप्प बसायचीस आणि मला गप्प बसता यायचं नाही. माझ्या बडबडीनं मासे पळतात असं तू शपथेवर सांगायचीस.

पहिली मासोळी तुला लागली. हातभर नाही, वीतभराची तांबोशी, लालसर, फार देखणी. मी मनात कालवणाला फोडणीसुद्धा घातली. तू तिच्या ओठातून गरी अलगद काढलीस आणि दिली पाण्यात सोडून!

"काहून सोडली वं?" मी ओरडलेच.

"पह्यली हाय. गयाले लागली, तिची गय केली."

स्वतःच्या विनोदावर तू इतकी खूष झालीस की पुढं दरवर्षी हंगामाची पहिली मासोळी तू सोडत आलीस आणि दरवर्षी तोच विनोद मला ऐकावा लागला. माझं म्हणणं एकच होतं. ओठ फाटलेली मासोळी जगत नाही. गय करायची तर आधी गय टाकूच नको. तू म्हणायचीस, जगते. समुद्र मोठा हाय, त्याच्यापाशी औषध असन. आणि मग वादात हरायला लागलीस की माझ्या दुखऱ्या जागी बोट ठेवायचीस. "सकायी वंदना म्हणते आन दुपारी मासोया मारते. तुह्या पंचशीलात मासोयी बसते का वं?" मी म्हणायचे, "बसत नाही ना, म्हणून तर लवकर खाऊन टाकते." हा वाद आपला मिटला नाही. तू गेलीस, पण पटलं मला अजून नाही.

बदली झाली. तू अकोटला आलीस, मी अमरावतीला. सगळे म्हणाले, सुटल्या बाया एकदाच्या. आणि पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत तुझा फोन आला, "पाणी निवयलं असन वं." तेव्हापासून दरसाल. मी अमरावतीहून गाडीत बसायची, तू अकोल्याला माझ्या डब्यात चढायचीस, काखेत ज्वारीच्या भाकरी आणि ठेच्याचा डबा. डब्यातली माणसं विचारायची, देवदर्शनाला का? तू गंभीर तोंडानं म्हणायचीस, हो, दर्याले. निवृत्तीनंतरही हे चालूच राहिलं. आपले नवरे आपल्यावर हसून हसून थकले. तुझे तर हसता हसताच गेले बिचारे, आणि त्या वर्षी मी म्हटलं, यंदा राहू दे, तर तू म्हणालीस, घरात बसून का भिंती मोजू?

मागच्या उन्हाळ्यात तुझ्या पोटातलं दुखणं बाहेर पडलं. डॉक्टरांनी सनाला आत बोलावून सांगितलं आणि सनानं तुला काही न सांगता तू सगळं ओळखलंस. दिवाळी जवळ आली तेव्हा तू अर्धी झाली होतीस. दलियाचे चार चमचे आणि चहा, एवढंच पोटात राहायचं. मी यंदाचं नावच काढणार नव्हते. तूच फोन केलास. "सनानं तिकीट काढून देलं. डॉक्टर बी म्हणे, मन रमते तर जाऊ द्या." मी तीनदा विचारलं. तू तीनदा हो म्हणालीस, तेही हसत. आणि तिकडं सनाला तू काय सांगितलंस, ते मला नंतर कळलं. "तुही खाला लई मांगं लागली हाय. तिचं मन नाही मोडवत." खाला, म्हणजे मावशी, म्हणजे मी.

म्हणजे सनाच्या जिवावर तू मला नेलंस आणि माझ्या जिवावर सनाला गप्प केलंस. वर सगळ्यांत गरीब तोंड तुझंच.

अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो, तिथं त्याला भांग म्हणतात. मुद्दाम ते दिवस आपण धरले. काकी तुला पाहून दारातच थबकल्या, मग काही न विचारता त्यांनी गरम पाणी लावलं. तुला खडपापर्यंत चालवत नव्हतं. मी म्हटलं, धक्क्यावर बसून गरव. तू ऐकशील तर शपथ. शेवटी काकींची लाल प्लॅस्टिकची खुर्ची मी डोक्यावर घेतली, तुला दंडाला धरलं आणि आपली वरात निघाली. दर दहा पावलांवर तू खुर्ची टेकवायला लावायचीस आणि बसून घ्यायचीस. खडपावर खुर्ची नीट बसेना, एक पाय कपारीत गेला आणि त्या कपारीतून खेकडा बाहेर पडून माझ्या चपलेवर चढला. मी किंचाळले. तू हसलीस. पोटावर हात दाबून, डोळे मिटून, दुखत असताना हसलीस. मग म्हणालीस, "अध्यक्ष आले, आता कार्यक्रम सुरू करा."

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी पाणी चढायला लागलं आणि तुझी काठी वाकली. मी धावले तर तू असं खेकसलीस, "हात नको लावू!" तुझ्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत गेल्या होत्या, तंगूस बोटात रुतत होता, दम लागला होता. मला बघवत नव्हतं आणि नजर काढता येत नव्हती. शेवटी खडकावर येऊन पडली ती चांगली मोठी तांबोशी. मी सवयीनं खाली वाकले, गरी काढली आणि तिला पाण्याकडं नेऊ लागले. हंगामाची पहिली ना.

"ठेव तिले," तू म्हणालीस.

"गय नाही करायची?"

"यंदा नाही. मले भूक लागली."

काकींनी कोकम आणि खोबरं घालून कालवण केलं. तू भात कालवलास, बोटं चाटलीस, आणि माझ्या ताटात डोकं वाढलं तर म्हणालीस, "डोस्कं मले दे." किती आठवड्यांनी तू जेवत होतीस! मी माझा घास हातात धरून बसले होते. काकी पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं आत गेल्या. ते जेवण मला पाहायला मिळालं, यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे, असं मी तुला तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, काटे सांभाळून खा.

उरलेल्या दिवसांत मासोळी लागली नाही. तू खुर्चीतच डुलकी काढायचीस, काठी मांडीवर, आणि मी मागं उभी राहून खुर्चीची पाठ धरून ठेवायची, कलंडू नये म्हणून. उन्हानं तापलेलं, कोमट पाणी घोट्यापर्यंत यायचं आणि जायचं. मला वाटायचं हे असंच चालू राहावं. तुला उठवून घरी न्यावंसं वाटायचं नाही.

परतीला अकोला स्टेशनवर सना तुला घ्यायला आली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाटलं, गर्दी आहे, पोर दमली आहे. मग थंडी संपायच्या आत तू गेलीस.

तुला नेल्यानंतर बायका आत बसल्या होत्या आणि सना स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मी जवळ गेले. ती हळू आवाजात म्हणाली, "खाला, डॉक्टर नाही म्हणे. मी नाही म्हणे. तरी तुमी नेलं तिले."

"माय, मले तर सांगतलं का तूच तिकीट काढलं."

ती माझ्याकडं पाहत राहिली. दोघींना एकदमच उमगलं. मला वाटलं आता ती हसेल किंवा रडेल, आपली लबाड बाई म्हणून दोघी गळ्यात पडू. पण ती म्हणाली, "तरी बी. अम्मीपाशी चांगले दिवस थोडेसेच उरले होते खाला. थे माहे होते. लहानपणी बी समुद्रानंच नेली होती तिले, आन आता बी त्यानंच."

लहानपणचं नेणं नोकरीनं होतं, त्याचा दोष कोणाच्या माथी मारणार? पण हे दिवस खरंच तिचे होते. तू ते उचलून मला दिलेस आणि मी ते दोन्ही हातांनी घेतले. परत करायचे म्हटले तरी कसे करणार? आणि खरं सांगू, परत करावेसे वाटतच नाहीत. तुझा राग आला तो याचाच. एवढं मोठं देणं देताना मला विचारलं तरी असतंस.

चाळिसाव्याच्या मांडवातही ती माझ्याशी बोलली नाही. आणि परवा, काही न कळवता, दोन गाड्या बदलून अंजनगाववरून अमरावतीला माझ्या दारात उभी. मी पाणी दिलं आणि अर्धवट राहिलेली कणीक पुन्हा मळायला घेतली. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली, जशी तू बसायचीस, भिंतीला पाठ लावून.

"सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"थे दिवस. जसे गेले तसे. काही वगयू नका."

मग मी सगळं सांगितलं. लाल खुर्ची, खेकडा, अध्यक्ष. खेकड्यापाशी तिचा ओठ हलला. तांबोशी सांगितली, बोटात रुतलेला तंगूस सांगितला. तू डोकं मागून खाल्लंस हे ऐकल्यावर तिनं तोंडावर ओढणी घेतली. "घरी तर वरणाचं पाणी बी नाही ठरे," म्हणाली. कोणत्या दिवशी दुखलं, कोणत्या दिवशी नाही, गोळ्या कधी घेतल्यास, सगळं विचारलं. मी कुठं चुकले तर ती थांबवायची. माझा कणकेचा हात तसाच वाळून गेला. आणि सगळं संपल्यावर तिनं ओढणी नीट केली.

"खाला, तिथं माहं नाव काढलं का अम्मीनं?"

तुझ्याकडून मी बरंच शिकले होते. एक खोटं बोलले असते तर पोरीला आयुष्यभर पुरलं असतं. जिभेवर आलंच होतं की, तुझ्याशिवाय दुसरं काय बोलत होती ती. पण सना दोन गाड्या बदलून आली होती आणि तिनं आधीच सांगितलं होतं, काही वगळू नका. शिवाय त्या घरात खोटं पुष्कळ झालं होतं.

मी म्हटलं, "नाही माय. एकदा बी नाही. काकींच्या गुडघ्यावर बोलली, शायेच्या गळक्या छतावर बोलली. अकोटात थंडी पडली असन, एवढं मात्र सारखं म्हणे. तुहं नाव नाही काढलं."

मी डोळे खाली घातले. वाटलं, आता ही उठेल आणि पुन्हा या घराची पायरी चढायची नाही.

सनानं माझ्या हातातली परात ओढून घेतली, पाण्याचा हबका मारला आणि वाळलेली कणीक मळायला लागली. "मी नागपूरले शिकाले होती ना खाला, तवा अम्मी घरात माहं नाव घेतच नसे. पोरगी म्हणे, नाही तं नागपूर म्हणे. नागपुरात ऊन असन, नागपूर जेवलं असन. नानीनं एकदा इचारलं, लेकीचं नाव काहून नाही घेत वं? तर म्हणे, नाव घेतलं का डोये भरतात माय, आन मंग तव्यावरची भाकर करपते."

एवढं बोलून ती मळतच राहिली. कणीक केव्हाच मऊ झाली होती. मी तिच्या शेजारी खाली बसले. मग आम्ही दोघींनी तुला मनसोक्त शिव्या घातल्या, मी वऱ्हाडीत आणि तिनं तुमच्या घरच्या उर्दूत, आणि जेवलो. दिवाळीत पाणी निवळलं की ती माझ्यासोबत येणार आहे. मी म्हटलं नव्हतं. तीच म्हणाली.

ती गेल्यावर हे लिहायला बसले. शाळेतली सवय, लिहून झालं की पहिल्या ओळीपासून तपासायचं. सगळं जागच्या जागी आहे. सना आहे, काकी आहेत, अकोट तर किती वेळा आलंय. तुझं नाव मात्र मी कुठंच लिहिलेलं नाही.